क्रॉस बदलायचा तर आधी खडू घ्या

रिव्हर्समध्ये गाडी अंगणातून बाहेर काढली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि सीटखालून 'टक्क' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एकदाच. मग गाडी नेहमीसारखी निघाली, म्हणून आपण विसरून गेलो. काही दिवसांनी भिंतीलगतच्या बोळातून हळू जाताना खालून चिमणीच्या पिल्लासारखी चिवचिव ऐकू आली, गाडीच्या वेगाबरोबर तिचाही ताल वाढत गेला. पुढे साठच्या आसपास पायाखालचा पत्रा मुंग्या आल्यासारखा थरथरायला लागला. मिस्त्रीकडे गेलो की तो गाडीखाली डोकं घालतो, शाफ्ट हाताने हलवून बघतो आणि म्हणतो, "क्रॉस गेलाय."

हा क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा गाभा. तो घरी बदलता येतो. मी आमच्या जुन्या जीपचा दोनदा बदलला आहे, पहिल्यांदा चुकीचा आणि दुसऱ्यांदा बरोबर. दोन्ही वेळी हातोडा तोच होता. फरक कुठे पडला ते सांगतो, पण त्यासाठी आधी हे यंत्र काय करतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशा गाड्यांचं आहे: जीप, बोलेरो, सुमो, ईको, जुनी ओम्नी, आणि अर्थातच टेम्पो-ट्रक. या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या हाउसिंगपर्यंत पोटाखालून एक लांब नळी जाते, तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. स्विफ्ट, वॅगन-आर, सिटी अशा पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत तो नसतो. तिथे चाकाजवळ रबरी बूट घातलेला वेगळा सांधा असतो आणि त्याची कथा वेगळी. ड्राइव्ह शाफ्ट हा शब्द लोक दोन्हींना वापरतात, त्यामुळे दुकानात गोंधळ होतो.

आता सांधा. डाव्या हाताची पहिली दोन बोटं गलोलीच्या बेचकीसारखी फाकवा, तशीच उजव्या हाताचीही. दोन्ही बेचक्या समोरासमोर आणा, एक आडवी आणि एक उभी. या चार बोटांच्या टोकांना एकत्र धरणारं मधलं अधिकचं चिन्ह म्हणजे क्रॉस. बेचकीला योक म्हणतात. क्रॉसच्या चार पायांवर चार पोलादी वाट्या बसतात आणि प्रत्येक वाटीच्या आत उभ्या रचलेल्या बारीक सुया असतात, शिवणाच्या सुईपेक्षा जाड आणि बोटाच्या पेरापेक्षा आखूड. हे निडल बेअरिंग. वाटी बाहेर निसटू नये म्हणून योकच्या खाचेत सर्क्लिप बसते. गॅरेजमध्ये तिला नुसतं 'लॉक' म्हणतात.

याची गरज काय? गिअरबॉक्स चासीला घट्ट बांधलेला आहे आणि मागचं हाउसिंग पाट्यांवर म्हणजे स्प्रिंगवर तरंगतं आहे. खड्डा आला की हाउसिंग वर उडतं, खाली येतं. दोघांना सरळ दांडीने जोडलं तर पहिल्याच खड्ड्यात दांडी तरी वाकेल नाहीतर गिअरबॉक्सचं तोंड फुटेल. म्हणून दोन्ही टोकांना वाकणारा सांधा, आणि लांबी कमीजास्त होण्यासाठी मध्ये दातेरी सरकता जोड. त्याला स्लिप जॉइंट म्हणतात.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचं नाव तिला चिकटलं, म्हणून युरोपात आजही कार्डन शाफ्ट म्हणतात. रॉबर्ट हूक याने 1676 साली तिचं वर्णन केलं आणि 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव त्याच्याच लिखाणातून आलं. मोटारीत मात्र ती उशिरा शिरली. सुरुवातीच्या कित्येक मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत, करकरत आणि धूळ खात. क्लॅरन्स स्पायसर या अमेरिकन तरुणाने 1903 साली मोटारीसाठीच्या जॉइंटचं पेटंट मिळवलं आणि साखळीचे दिवस भरत आले. आपल्याकडे महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतल्या, त्यांच्या पोटाखाली हेच क्रॉस फिरत होते. आज नाशिकहून निघणाऱ्या बोलेरोतही तत्त्व तेच आहे.

घड्याळ तिरकं धरून बघा

या सांध्यात एक खोड आहे आणि ती कळली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

भिंतीवरचं गोल घड्याळ काढा आणि डोळ्यांसमोर धरा. बारा आकडे समान अंतरावर आहेत. आता वरची कड मागे झुकवून घड्याळ बरंच तिरकं करा. गोलाचा लंबगोल दिसायला लागला. आकडे तेच, पण तीन आणि नऊच्या बाजूला ते दाटीवाटीने बसलेले दिसतात, बारा आणि सहाच्या बाजूला विरळ. काटा घड्याळात एकसारखा फिरतो आहे, पण तुमच्या जागेवरून पाहिलं तर तो काही भागात झपझप जातो आणि काही भागात रेंगाळतो.

वाकलेल्या क्रॉसमध्ये नेमकं हेच होतं. अलीकडची बाजू एकसारखी फिरते, पलीकडची बाजू एका फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. बाक जितका जास्त, तितका हेलकावा मोठा. मिनिटाला 1,800 फेऱ्या घेणाऱ्या शाफ्टच्या जोडाला 15 अंशांचा बाक असेल तर पलीकडचा वेग साधारण 1,740 ते 1,860 यांच्यामध्ये वरखाली होतो. एका मिनिटात असं 3,600 वेळा. 1,800 हा आकडा हवेतला नाही. जीपच्या मापाच्या टायरचा घेर सुमारे 2.2 मीटर असतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या घेतं. मागच्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे हाउसिंगमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचं, गुणोत्तर चार धरलं तर शाफ्ट सेकंदाला 30 फेऱ्या फिरतो.

मग गाडी सतत का थरथरत नाही? कारण दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस आहे. पहिल्याने केलेला घोळ दुसरा उलटा करून निस्तरतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे बाक सारखे हवेत, आणि शाफ्टच्या स्वतःच्या दोन बेचक्या एकाच पातळीत हव्यात. शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून नजर लावली तर पुढची बेचकी मागचीला झाकेल अशा. ही पातळी बिघडली की दुसरा क्रॉस घोळ निस्तरण्याऐवजी त्यात भर घालतो.

पातळी बिघडते कुठे? त्या दातेरी सरकत्या जोडात. जोड बाहेर ओढला आणि परत घालताना एक दात इकडेतिकडे झाला, तर दात सोळा असतील तेव्हा साडेबावीस अंश चुकले. मी पहिल्या वेळी हेच केलं. शाफ्ट खाली उतरवताना जोड आपोआप निसटला, मी बिनधास्त परत खुपसला, नवे कोरे क्रॉस बसवले आणि गाडी चाळिशीलाच पूर्वीपेक्षा जास्त थडथडायला लागली. मिस्त्रींनी शाफ्टकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "दादा, खूण केली होती का?" मी गप्प.

नक्की क्रॉसच गेलाय का

'टक्क' आवाज क्रॉसशिवायही येतो. इंजिनचे रबरी माउंटिंग, स्प्रिंगचे बुश, हाउसिंगमधली क्राउनची ढिलाई, सगळे तोच आवाज काढतात. म्हणून आधी तपासणी. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे किंवा दगड, गिअर न्यूट्रल. गाडीखाली जाऊन क्रॉसच्या अलीकडचा भाग एका हाताने आणि पलीकडचा दुसऱ्या हाताने धरून कपडे पिळल्यासारखे उलटसुलट फिरवा. पूर्ण शाफ्ट एकत्र थोडा हलला तर ती बहुतेक क्राउनची ढिलाई आहे, ती थोडी असतेच. पण दोन हातांच्या मध्ये, क्रॉसमध्येच खळखळ जाणवली, तर तो गेला. नवीन क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल अशी ढिलाई शून्य असते. वाटीच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसली तरी निकाल तोच: ग्रीस संपलं, पाणी शिरलं, आतल्या सुया गंजून पिठासारख्या बाहेर येताहेत. ती चिवचिवही याच कोरड्या सुयांची.

क्रॉस मरतो तो बहुधा कोरडेपणाने. बॉल बेअरिंग गोल गोल फिरतं, ग्रीस पसरत राहतं. क्रॉसच्या वाटीतल्या सुया मात्र बाकाइतक्याच पुढेमागे डोलतात, त्याच त्या जागेवर. ग्रीस संपलं की प्रत्येक सुई आपल्याखालच्या पोलादात एक चर पाडते. जुना क्रॉस काढल्यावर त्याच्या पायावरून नख फिरवा, कंगव्यावरून फिरवल्यासारखं अडखळेल.

शाफ्ट उतरवणं

नवीन क्रॉस आधी आणून ठेवू नका, जुना काढून नमुना घेऊन जा. एकाच गाडीला वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळी मापं आलेली असतात. वाटीचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांमधलं बाहेरून बाहेर अंतर व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, जुळवायचं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून काम शनिवारी सकाळी काढावं.

गाडी जॅकवर उचलली तर पोटाखाली स्टँड लावा. विटा नकोत, त्या अचानक फुटतात. आणि हे नीट वाचा: शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, कारण इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. जुन्या विलिज घडणीच्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर असतो. तो शाफ्टमार्फतच चाकांना धरतो. शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला. ठोकळे म्हणूनच.

आता खडू. खडू पुसला जातो म्हणून मी पांढरा ऑइलपेंट वापरतो. पुढच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर, आणि त्याला चिकटलेल्या योकवर मिळून एक रेघ. मागे दोन रेघा, म्हणजे पुढचं-मागचं कळतं. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवरून जाणारी एक लांब रेघ. कंपनीने तिथे बाण कोरलेले असतात, पण चिखलाच्या पापुद्र्याखाली ते सापडतीलच असं नाही. पाच मिनिटांचं काम.

बोल्ट कुठे फ्लँजला चार असतात, कुठे यू-बोल्ट असतात. रात्रीच गंजावर तेल मारून ठेवलं तर सकाळी पाना घसरत नाही. आधी मागचं टोक सोडवा आणि शाफ्ट दोरीने चासीला टांगून ठेवा. एका क्रॉसवर तो लोंबकळू देऊ नये. काही गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक थेट गिअरबॉक्समध्ये सरकवलेलं असतं. ते ओढलं की गिअरऑइल अंगावर येतं, म्हणून खाली ट्रे ठेवा आणि तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा.

नळीवर कुठे कुठे पत्र्याचे छोटे चौकोनी तुकडे वेल्डिंग केलेले दिसतील. ती घाण नाही. शाफ्ट बॅलन्स करायला लावलेली ती वजनं आहेत, छन्नीने उडवू नका.

वाट्या काढणं आणि घालणं

शाफ्ट शेगड्यात, म्हणजे बेंच वाइसमध्ये, नळीवर आवळायचा नाही. नळी पातळ असते, दबते आणि मग कुठलाही क्रॉस घातला तरी थरथर जात नाही. योकचा जाड भागच आवळायचा.

लॉक काढा. चिमट्याने निघाले नाहीत तर वाटीवर एक हलका ठोका द्या, लॉकवरचा दाब सुटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. वाट्या कडक पोलादाच्या असतात, हातोड्याखाली त्यांची कपची उडते. मग शेगड्याच्या दोन जबड्यांमध्ये योक असा धरा की एका बाजूला वाटीपेक्षा किंचित लहान गोटी (पान्याचा पोकळ सॉकेट), दुसऱ्या बाजूला वाटी आत मावेल अशी मोठी गोटी. शेगडा आवळत गेलात की लहान गोटी क्रॉसला ढकलते आणि पलीकडची वाटी मोठ्या गोटीत उतरते. ती थोडी बाहेर आली की पकडीने धरून योक खालून ठोका. मग उलटी बाजू. हातोड्यानेही हे होतं, पण शेगड्याने केलेलं काम शांत असतं आणि योकचे कान फाकत नाहीत.

योकची भोकं पॉलिश पेपरने साफ करा, लॉकच्या खाचेतला गंज टोकदार काडीने काढा. ही खाच नीट साफ न करणं हे पुढच्या निम्म्या कटकटींचं मूळ. नवीन वाटी हाताने थोडी आत जाते आणि पुढे दाबाने. हाताने सळसळ आत-बाहेर होत असेल तर योकच झिजला आहे, नवीन क्रॉस टिकणार नाही.

आता सुया. नवीन क्रॉसच्या चारही वाट्या काढून बघा, प्रत्येकीत सुया भिंतीलगत उभ्या असतील, ग्रीसच्या चिकटपणावर. एखादी वाटी आडवी पडली, धक्का लागला की एक सुई निसटून तळाशी आडवी होते. बाहेरून काही कळत नाही. वाटी दाबली की दोन-तीन मिलिमीटर राहिली असताना अडते, लॉकची खाच उघडी पडत नाही. इथे माणूस हातोडा उचलतो. तळाची सुई तुटते, तुकडे होतात, आणि नवा क्रॉस महिन्याभरात जुन्यासारखा वाजायला लागतो. वाटी अडली की थांबायचं, बाहेर काढायची, सुया मोजायच्या. चारही वाट्यांत सारख्या भरल्या पाहिजेत. सुयांना वाटीत ग्रीसचा थोडा जादा थर द्या.

बसवताना एक वाटी योकमध्ये अर्धी घाला, क्रॉस आत घेऊन त्याचा पाय तिच्यात सरकवा, मग समोरची वाटी. दाबत असताना दुसऱ्या हाताने क्रॉस सतत हलवत राहा आणि त्याचा प्रत्येक पाय सुयांच्या आतच आहे याची खात्री करत राहा. पाय बाहेर आला की सुई पडलीच. ग्रीसचा निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, नळीच्या बाजूला आणि ग्रीस गन पोहोचेल असा यायला हवा. मागचा आणि पुढचा निपल एकाच बाजूला ठेवले तर पुढे एकदाच गाडीखाली शिरावं लागतं. हे विसरलात तर सगळं बसवून झाल्यावर लक्षात येतं.

दोन्ही लॉक खाचेत 'टिक' करून बसले पाहिजेत. चिमट्याने लॉक खाचेत थोडं फिरवून बघा, फिरलं तर बसलंय. शेवटी योकच्या कानांवर पितळी रॉडने हलके ठोके द्या, म्हणजे वाट्या मागे सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. तो बोटाने हलवला तर चारही दिशांना एकसारखा हलायला हवा. किंचित घट्ट चालेल, पण एका दिशेला अडला तर गाडीला लावायचा नाही.

शाफ्ट खुणा जुळवून चढवा, नटबोल्ट नवीन घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. मग ग्रीस. चारही वाट्यांच्या रबरातून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. तिघींतून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट फिरवून, क्रॉस हलवून पुन्हा मारा. ती कोरडी चौथीच पुढे चिवचिवते. सरकत्या जोडालाही बहुधा निपल असतो, त्याला विसरू नका.

काही कामं घरी नकोत. ज्या जॉइंटला लॉकच नाहीत, कारखान्यातच काठ ठोकून वाट्या अडकवलेल्या आहेत, तो. योक झिजलेला असेल, नळी वाकलेली किंवा दबलेली असेल तो. दोन तुकड्यांच्या लांब शाफ्टमध्ये मधलं सेंटर बेअरिंगही गेलं असेल तर तेही. हे सगळं प्रेस आणि बॅलन्सिंग मशीन असलेल्या खरादवाल्याकडे द्या. गॅसच्या ज्योतीने योक तापवून वाटी काढायचा मोह काहींना होतो, तोही नको. कडक केलेलं पोलाद त्याने मऊ पडतं.

गाडी उंच करायचा शौक असणाऱ्यांसाठी एक सूचना. पाट्या वाढवून हाउसिंग खाली गेलं की दोन्ही सांध्यांचा बाक वाढतो आणि बऱ्याचदा असमान होतो. मग दर काही महिन्यांनी क्रॉस जातो आणि दुकानदारावर आळ येतो. तिथे क्रॉस बदलून उपयोग नाही, हाउसिंगचा कोनच दुरुस्त करावा लागतो. उलट टोकही वाईट. बाक अगदी शून्य असेल तर सुया डोलतच नाहीत, एकाच रेषेवर दाब खात बसतात.

आवाज आला आणि तरीही महिनोन्‌महिने तसंच चालवलं तर काय होतं? मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर फरफटत येतो, भरपूर ठिणग्या आणि आरडाओरडा. पुढचा तुटला तर नळीचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं, आणि पुढे धावणाऱ्या आपल्याच गाडीचा जोर मागून त्याच्यावर येतो. म्हणूनच मोठ्या वाहनांत शाफ्टभोवती लोखंडी कडं बांधलेलं दिसतं. चिवचिव ऐकून दुर्लक्ष करावं अशातली ही गोष्ट नाही.

बसवल्यावर पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर मारा, आधी चाळीस, मग साठ. थरथर असेल तर परत खाली जाऊन आधी रेघा बघा, लॉक नंतर. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा आवळा.

आणि जुना क्रॉस फेकू नका. माझ्या फळीवर एक आहे, चार पायांवर कंगव्यासारखे चर पडलेला. त्यावर मार्करने वाटीचा व्यास आणि लांबी लिहून ठेवली आहे. पुढच्या वेळी गाडी न उघडताच दुकानात जाता येईल.